साल्गिनातोबेलचा पूल

स्वित्झर्लंडच्या पूर्व भागातील ग्राउब्युंडन प्रांतात प्रेटिगाउ नावाचे खोरे आहे. खोऱ्याच्या तळाशी शीर्स हे गाव आणि वर डोंगरात शुडर्स ही लहानशी वस्ती. या दोहोंना जोडणारा अरुंद घाटरस्ता वाटेत साल्गिना ओढ्याची घळ ओलांडतो. घळ ऐंशी-नव्वद मीटर खोल आणि तिच्या दोन्ही बाजू उभ्या कड्यांच्या. १९२९-३० मध्ये या घळीवर प्रबलित काँक्रीटचा एक कमानी पूल बांधला गेला. एकूण लांबी सुमारे १३२ मीटर, मुख्य कमानीचा गाळा ९० मीटरचा, कमानीची उंची १३ मीटर आणि वरचा रस्ता सुमारे साडेतीन मीटर रुंद. समोरून दुसरे वाहन आले तर एकाला थांबावे लागेल, इतकाच. तरीही पूलबांधणीच्या इतिहासावरचे क्वचितच एखादे पुस्तक या पुलाचे छायाचित्र न छापता पुढे जाते.

हा पूल कुणाला स्मारक हवे होते म्हणून झालेला नाही. मूठभर घरांच्या वस्तीपर्यंत गाडीरस्ता न्यायचा होता, पैसे बेताचे होते आणि मध्ये घळ होती. १९२८ मध्ये निविदांसह आराखडे मागवण्यात आले, तेव्हा १९ प्रस्ताव आले. त्यांतून फ्लोरियान प्राडर या ठेकेदाराच्या कंपनीचा प्रस्ताव निवडला गेला. त्यामागचा आराखडा रोबेर मायार या अभियंत्याचा होता आणि तो निवडला गेला तो मुख्यतः स्वस्त होता म्हणून. पुढच्या पिढ्यांनी या पुलाच्या सौंदर्यावर पुष्कळ लिहिले. ज्यांनी तो मंजूर केला त्यांच्यापुढे मात्र आकड्यांचा तक्ता होता. पण स्वस्ताई आणि सौंदर्य यांची ही गाठ योगायोगाने पडलेली नाही. ती कशी पडली हे समजण्यासाठी त्या काळी काँक्रीट कोणत्या अवस्थेत होते हे पाहावे लागते.

सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी यांचे मिश्रण घट्ट झाले की ते दाब उत्तम सोसते. ताण मात्र त्याला सोसत नाही. ओढले की ते तडकते. लोखंड आणि पोलाद ताणाला खंबीर असतात. म्हणून जिथे ताण येणार तिथे काँक्रीटच्या पोटात सळ्या घालायच्या, ही प्रबलित काँक्रीटची मूळ युक्ती. तिला निसर्गाने दोन बाबतींत साथ दिली आहे. उष्णतेने दोन्ही पदार्थ जवळजवळ सारख्याच प्रमाणात प्रसरण पावतात, त्यामुळे ऋतूंच्या फेऱ्यात ते एकमेकांपासून सुटत नाहीत. आणि काँक्रीट अल्कधर्मी असल्यामुळे आतल्या सळ्यांना सहसा गंज चढत नाही. झोझेफ मोनिए या फ्रेंच बागकाम करणाऱ्या गृहस्थाने १८६७ मध्ये या कल्पनेचे एकस्व घेतले ते झाडांच्या कुंड्या आणि हौदांसाठी. १८७५ मध्ये फ्रान्समधील शाझले येथे एका गढीच्या आवारात त्याच पद्धतीचा छोटा पादचारी पूल झाला. तो या प्रकारचा पहिला पूल मानला जातो. पुढे फ्रांस्वा एनबिक याने १८९२ मध्ये तुळया, खांब आणि स्लॅब एकसंध ओतण्याची पद्धत नोंदवली आणि काँक्रीटचा व्यवसाय युरोपभर पसरला.

पद्धत नवी होती, पण पुलांचे रूप जुनेच राहिले. दगडी कमान कशी दिसते हे दोन हजार वर्षांच्या सवयीने लोकांच्या डोळ्यांत बसलेले होते. त्यामुळे आरंभीचे बरेच काँक्रीटचे पूल जाडजूड कमानीचे, वर मातीचा भराव, दोन्ही अंगांना भिंती, अशा थाटाचे होत. कित्येकांवर तर दगडी चिऱ्यांचा मुलामा चढवला जाई. दगडी कमान जड असणे हा तिचा गुण असतो, कारण वजनामुळे चिरे एकमेकांवर दाबून राहतात. काँक्रीटला त्या वजनाची गरज नाही. ही साधी गोष्ट बांधकामात उतरायला मात्र वेळ लागला.

ती उतरवणाऱ्यांमध्ये मायारचे नाव फार वरचे आहे. त्याचा जन्म ६ फेब्रुवारी १८७२ रोजी बर्न येथे झाला. १८९४ मध्ये तो झुरिचच्या संघराज्य तंत्रविद्यापीठातून अभियंता झाला. तिथे विल्हेल्म रिटर हे त्याचे शिक्षक होते. लांबलचक समीकरणांऐवजी बळे रेषांनी कागदावर काढून, त्यांच्या आकृतीवरून बांधकामाचे वर्तन ताडायचे, ही रिटर यांची शिकवण. तिला आलेखी स्थितिकी म्हणतात. या रीतीत बळाची वाट डोळ्यांना दिसते. मायारच्या पुलांचे आकार पाहिले की ही सवय त्याच्या हातात आयुष्यभर राहिली हे लक्षात येते. विशेष म्हणजे त्याला गणिताची गुंतागुंत फारशी मानवत नसे. साधे गणित आणि प्रत्यक्ष पुलावरची भारचाचणी यांवर त्याचा अधिक भरवसा होता.

साल्गिनातोबेलची खरी सुरुवात तीस वर्षे आधी, त्याच प्रांतातील त्सुओत्स गावी झाली. तिथे इन नदीवर १९०१ मध्ये मायारने ३८ मीटर गाळ्याचा पूल उभारला. तोवर कमान हा पुलाचा कामकरी भाग आणि वरचा रस्ता हे तिच्यावर लादलेले ओझे, असा हिशेब असे. मायारने खालची कमानीची स्लॅब, दोन्ही बाजूंच्या उभ्या भिंती आणि वरची रस्त्याची स्लॅब यांची मिळून एक पोकळ पेटी केली. पातळ कागद आडवा धरला की लोंबतो, पण त्याच्या कडा दुमडून पन्हळ केली की ताठ राहतो. तसे पातळ काँक्रीटचे हे तुकडे एकत्र जोडल्यावर ताठ झाले. रस्ता आता ओझे राहिला नाही, तो स्वतःच भार उचलण्यात सहभागी झाला. एवढ्या पातळ पुलाबद्दल अधिकाऱ्यांना शंका येणे साहजिक होते. रिटर यांनी आराखडा तपासला, भारचाचणी झाली आणि पूल टिकला.

दोन वर्षांत मात्र त्याच्या बाजूच्या भिंतींत, काठांजवळ, उभ्या भेगा दिसल्या. मायारने पाहणी केली तेव्हा पूल धोक्यात नसल्याचे त्याला आढळले. पेटीचे वेगवेगळे भाग कमीजास्त वाळत होते, कमीजास्त आकसत होते आणि त्यांच्या ओढाताणीत भिंती तडकल्या होत्या. दुसरा कुणी तिथे आणखी सळ्या घालून भिंत जाड करण्याचा विचार करता. मायारने उलटा प्रश्न घातला: भिंत तडकल्यानंतरही पूल व्यवस्थित उभा आहे, तर तेवढी भिंत हवी कशाला? १९०५ मध्ये ऱ्हाईन नदीच्या वरच्या प्रवाहावर तावानासा येथे त्याने ५१ मीटर गाळ्याचा पूल बांधला, त्यात काठांकडचा भिंतीचा त्रिकोणी भाग काढूनच टाकला. कमान मध्यभागी रस्त्याला मिळालेली, टोकांकडे त्याच्यापासून सुटलेली आणि मध्ये हवा. काँक्रीटला स्वतःचे असे रूप मिळाले ते इथे. ते एका भेगेच्या तपासातून मिळाले, ही गोष्ट अभियांत्रिकीच्या इतिहासात दुर्मीळ नाही, पण इतक्या स्वच्छपणे क्वचितच दिसते.

तावानासाचा आकार तेव्हाच्या रुचीला चमत्कारिक वाटला. त्यानंतर सुमारे दोन दशके त्या घडणीचा मोठा पूल मायारला बांधायला मिळाला नाही. त्याची स्वतःची बांधकाम कंपनी १९०२ पासून होतीच. तिने गोदामे आणि कारखाने बांधले, आणि तुळयांशिवाय थेट खांबांवर पेललेल्या स्लॅबची रचना करून मायारने त्या क्षेत्रातही नाव मिळवले. मग १९१४ आले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा तो कुटुंबासह रशियन साम्राज्यात होता आणि तिथेच अडकला. खार्किव्हमध्ये त्याने मोठी कामे केली, पण १९१६ मध्ये पत्नी वारली आणि पुढे क्रांतीत सगळी मालमत्ता गेली. मुलांना घेऊन तो मायदेशी परतला तेव्हा कर्जबाजारी होता. कंपनी पुन्हा उभी करण्याऐवजी त्याने जिनिव्हात केवळ आराखड्यांचे कार्यालय थाटले. बांधकाम इतरांचे, कल्पना त्याची, अशी ही नवी वाटणी होती.

१९२७ च्या सप्टेंबरमध्ये दरड कोसळून तावानासाचा पूल नष्ट झाला. पुढच्याच वर्षी साल्गिनातोबेलची स्पर्धा आली. गेलेल्या पुलाची कल्पना मायारने पुन्हा हाती घेतली, पण या वेळी गाळा जवळजवळ दुप्पट होता आणि खाली नदीकाठाऐवजी पोकळी होती.

साल्गिनातोबेलची कमान तीन बिजागऱ्यांची आहे: दोन टोकांना, जिथे ती खडकात रुतवलेल्या पायांवर टेकते, आणि एक ऐन मध्यावर. बिजागरी म्हणजे दाराला असते तशी लोखंडी पट्टी नव्हे. काँक्रीट अरुंद करून तिथे थोडे वळण्याची मुभा ठेवलेली जागा. तिचा उपयोग असा की उन्हाळ्या-हिवाळ्यात कमान लांब-आखूड झाली, काँक्रीट वाळून आकसले किंवा डोंगराच्या बाजूने पाया किंचित सरकला, तर कमानीचे दोन अर्धभाग जरासे वळून नव्या स्थितीशी जुळवून घेतात. बिजागऱ्या नसत्या तर याच हालचालींनी कमानीत नको ते ताण भरले असते. सतत सरकणाऱ्या आल्प्सच्या उतारांवर ही सोय मोलाची आहे. शिवाय तीन बिजागऱ्यांच्या कमानीतील बळे साध्या समतोलाच्या नियमांनी काढता येतात, आणि हे मायारच्या स्वभावाला धरूनच होते.

कमानीच्या जाडीत दिसणारा चढउतारही याच बिजागऱ्यांतून येतो. पुलाच्या अर्ध्याच भागावर जड वाहन आले की तो अर्धा भाग खाली दबतो आणि दुसरा अर्धा वर उचलला जाऊ पाहतो. बिजागरीवर वाक शून्य असतो, कारण तिथे कमान अडून न राहता वळते. सर्वांत जास्त वाक येतो तो दोन बिजागऱ्यांच्या मधोमध, म्हणजे गाळ्याच्या पाव आणि पाऊण अंतरावर. मायारने नेमकी तिथेच कमानीच्या बाजूच्या भिंतींची उंची सर्वाधिक ठेवली आणि टोकांकडे व मध्याकडे ती निमुळती केली. बाजूने पाहिल्यावर चंद्रकोरीच्या जोडीसारखे जे दिसते, तो या वाकाचाच आलेख आहे.

पुलाच्या खालून पाहिले तर दुसरी गोष्ट लक्षात येते. कमानीची स्लॅब मध्यावर रस्त्याइतकीच, सुमारे साडेतीन मीटर रुंद आहे, पण पायथ्याकडे जाताना ती सहा मीटरपर्यंत फाकत जाते. घळीत आडवा वारा असतो आणि इतका लांब, इतका अरुंद पूल त्याच्यापुढे उभा करायचा असतो. पाय फाकवल्याने आडवी स्थिरता येते. कमान फार बसकी आहे. ९० मीटर रुंदीला १३ मीटर उंची म्हणजे साधारण सातास एक असे प्रमाण. बसकी कमान टोकांवर बाहेरच्या दिशेने जोरात रेटते. हा रेटा घ्यायला दोन्ही बाजूंना खडक होता, म्हणूनच हे धाडस परवडले. वरचा रस्ता शुडर्सच्या दिशेने किंचित चढता आहे आणि तो कमानीच्या पाठीवरून वर आलेल्या पातळ आडव्या भिंतींवर टेकतो. मध्यावरच्या भागात या भिंती संपतात आणि रस्ता कमानीच्या पेटीत मिसळून जातो.

एवढे सगळे कागदावर. प्रत्यक्षात काँक्रीट ओतायचे तर त्याला आधी खालून सेंटरिंग, म्हणजे साचा पेलणारा तात्पुरता आधार, लागते, आणि नव्वद मीटर रुंद घळीवर सेंटरिंग उभारणे हाच या पुलाचा सर्वांत अवघड आणि खर्चिक भाग होता. ते काम रिखार्ड कोराय याने केले. ग्राउब्युंडनमधीलच हा लाकडी परांच्यांचा कारागीर. वीझन आणि लांगवीस येथील उंच रेल्वेपुलांच्या परांच्या त्याच्याच. साल्गिनात त्याने कड्यांमधल्या थोड्याशा आधारांपासून पंख्याच्या काड्यांसारखे वासे वर फाकवत नेले आणि त्यांच्या डोक्यावर कमानीचा साचा बसवला. त्या वेळची छायाचित्रे उपलब्ध आहेत. पूल नाहीसा करून फक्त परांची ठेवली असती तरी ती पाहण्यासारखी ठरली असती.

मायारच्या आराखड्याची खरी काटकसर इथे कळते. संपूर्ण कमान एकदम ओतायची असती तर तिचे सगळे ओले वजन सेंटरिंगला पेलावे लागले असते आणि लाकूड कितीतरी जड लागले असते. त्याऐवजी आधी फक्त खालची वक्र स्लॅब ओतली गेली. तिची जाडी सुमारे २० सेंटिमीटर, म्हणजे एखाद्या घराच्या भिंतीइतकी. ही स्लॅब घट्ट झाली की ती स्वतःच कमान म्हणून उभी राहते. त्यानंतरच्या बाजूच्या भिंती आणि वरचा रस्ता यांचे वजन मुख्यतः तिनेच उचलले. लाकडावर नवा भार जवळपास पडला नाही. म्हणून कोरायची परांची इतकी नाजूक होऊ शकली, आणि प्राडरची निविदा इतरांच्या खाली आली. पेटीच्या आकाराची पातळ कमान, तिचा हलकेपणा आणि तिची किंमत या तीन निराळ्या गोष्टी नव्हत्या. एक बदलली असती तर बाकीच्या दोन्ही बदलल्या असत्या.

पुलाची भारचाचणी १९३० च्या ऑगस्टमध्ये झाली आणि १८ ऑगस्टला तो वाहतुकीला खुला झाला. अशा चाचण्यांना मायार फार महत्त्व देई. झुरिचच्या साहित्य-चाचणी संस्थेचे संचालक मिर्को रोश यांनी त्याच्या अनेक पुलांवर प्रत्यक्ष भार घालून मोजमापे घेतली, आणि ती मायारच्या साध्या गणिताशी चांगली जुळली. टीकाकारांना दिलेले त्याचे उत्तर बहुधा हेच असे.

स्वतः मायार या पुलावर पूर्ण समाधानी नव्हता, हे थोडे आश्चर्याचे आहे. कमानीची खालची रेषा मध्यावर अखंड गोलाईने जाते. दगडी कमानीत असे करावे लागते. पण जिथे मध्यावर बिजागरी आहे तिथे रेषा गुळगुळीत ठेवण्याचे कारण नाही, ती परंपरेला दिलेली सवलत आहे, असे पुढे त्याचे मत झाले. १९३३ मध्ये थुर नदीवरच्या फेल्सेग पुलात त्याने ही रेषा मध्यावर स्पष्ट मोडली आणि १९३६ च्या जिनिव्हाजवळच्या व्हेसी पुलातही तीच टोकदार रचना ठेवली. आज बहुतेकांना साल्गिनातोबेलची सलग रेषाच अधिक देखणी वाटते. निर्मात्याचा तर्क अधिक कडक होता, एवढे खरे. त्याच दशकात त्याने श्वांडबाख येथे रस्त्याच्या वळणासोबत वळणारा पूल बांधला. तिथे कमान अगदी पातळ आणि ताठपणाचे काम रस्त्याच्या स्लॅबकडे, अशी वेगळीच विभागणी आहे.

हयातीत मायारला पुष्कळ कामे मिळाली ती आडबाजूच्या रस्त्यांवरची. मोठ्या शहरांतल्या मोक्याच्या पुलांसाठी अधिकाऱ्यांना भारदस्त रूप हवे असे. खेड्यांच्या रस्त्यांना पैसे वाचवणारा माणूस चालत असे. ५ एप्रिल १९४० रोजी तो जिनिव्हात वारला. कीर्ती आली ती बरीचशी त्यानंतर, आणि तीही आधी कलेच्या बाजूने. कलेतिहासकार सिगफ्रीड गीडिऑन याने आधुनिक वास्तुकलेवरच्या आपल्या ग्रंथात त्याला मानाचे स्थान दिले, न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९४७ मध्ये त्याच्या कामाचे प्रदर्शन भरवले आणि स्विस कलावंत माक्स बिल याने त्याच्यावर पुस्तक केले. प्रिन्स्टन विद्यापीठातील डेव्हिड बिलिंग्टन यांनी नंतर हे सगळे पुन्हा अभियंत्याच्या नजरेने तपासले आणि मायारचे आकार हे शिल्पकाराची लहर नसून हिशेबाची निष्पत्ती आहेत हे दाखवून दिले. १९९१ मध्ये अमेरिकन स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने साल्गिनातोबेलला आंतरराष्ट्रीय ऐतिहासिक अभियांत्रिकी वारसा म्हणून घोषित केले. हा मान मिळालेला तो पहिला काँक्रीटचा पूल होता.

पातळ काँक्रीटची किंमतही पुलाने मोजली. आरंभीच्या काळात रस्त्यावरचे पाणी अडवण्याची आणि वाहून नेण्याची पुरेशी सोय नव्हती. पाणी कडांवरून ओघळे, काँक्रीटमध्ये मुरे, हिवाळ्यात गोठून फुगे आणि पृष्ठभाग सोलून काढी. सळ्यांवरचे काँक्रीटचे आवरण पातळ असल्यामुळे हवेतील कार्बन डायऑक्साइडने त्याचे अल्कधर्मीपण घटले की गंज लवकर पोचतो, हा त्या पिढीच्या सगळ्याच पुलांचा दोष. सत्तरच्या दशकात एकदा डागडुजी झाली. १९९७-९८ मधील काम अधिक मोठे होते: कमकुवत पृष्ठभाग काढून जोराच्या फवाऱ्याने नवे काँक्रीट चढवले गेले, जीर्ण कठडे नव्याने केले आणि पाण्याचा निचरा सुधारला. मूळ पुलाच्या अंगावर साच्याच्या फळ्यांच्या खुणा होत्या. नव्या थरावरही त्या उमटवण्यात आल्या, म्हणजे दुरुस्ती दिसू नये. यावर मतभेद संभवतात, पण पूल संग्रहालयातील वस्तू होऊन बसला नाही. जवळच्या पायवाटेवर त्याच्याकडे पाहायला अभियंते आणि विद्यार्थी येत असतात, आणि शुडर्सला जाणाऱ्या गाड्या त्याच्यावरूनच जातात.